आस्वाद आणि अनुमोदन : ब्लॅकबर्ड विमानाच्या आकर्षणाचा नैतिक विचार

एसआर-७१ हे अमेरिकी हवाई दलाचे टेहळणी विमान ‘ब्लॅकबर्ड’ या नावाने जगभर ओळखले जाते. कॅलिफोर्नियातील बरबँक येथे लॉकहीड कंपनीच्या ‘स्कंक वर्क्स’ या गुप्त विभागात केली जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली त्याची रचना झाली. २२ डिसेंबर १९६४ रोजी ते पामडेल येथून पहिल्यांदा उडाले आणि १९६६ पासून हवाई दलात दाखल झाले. एकूण ३२ विमाने बांधली गेली. त्यांतील १२ अपघातांत गेली, पण शत्रूच्या माऱ्याने एकही पडले नाही. १९९० मध्ये हवाई दलाने त्यांना निवृत्त केले. १९९५ मध्ये मोजकी विमाने पुन्हा सेवेत घेतली गेली. पण १९९८ मध्ये हवाई दलाने हा अध्याय कायमचा मिटवला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘नासा’साठी शेवटचे उड्डाण झाले. उरलेली विमाने आज संग्रहालयांत उभी आहेत.

शेवटच्या उड्डाणाला पाव शतक उलटले, तरी या विमानाचे वेड ओसरलेले नाही. एकेका विमानाचा क्रमांक, त्याच्या मोहिमा, वैमानिकांच्या आठवणी, इंजिनाचे तपशील यांचा अभ्यास करणारे लोक अनेक देशांत आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा सैन्याशी काही संबंध नाही. या आकर्षणातून एक जुना नैतिक प्रश्न नव्याने उभा राहतो. योगसूत्रांत आणि जैन आचारविचारात हिंसेचे तीन भेद सांगितले आहेत : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून मान्य केलेली, म्हणजेच कृत, कारित आणि अनुमोदित. शस्त्र न उचलणाराही तिसऱ्या मार्गाने हिंसेचा वाटेकरी होतो. मग युद्धासाठी घडवलेल्या यंत्रावर लुब्ध होणे हे अनुमोदन ठरते का? की आस्वाद ही वेगळी वृत्ती आहे आणि तिला वेगळा न्याय लावला पाहिजे?

यंत्र आणि त्याचे काम

या विमानाच्या जन्मामागे भय होते. अमेरिकेचे यू-२ हे विमान अतिशय उंचावरून, पण संथपणे उडत असे. १ मे १९६० रोजी सोव्हिएत क्षेपणास्त्राने ते पाडले, वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत पकडला गेला आणि केवळ उंची गाठून भागत नाही हे उघड झाले. क्षेपणास्त्र पोहोचेपर्यंत निसटून जाईल इतका वेग हवा होता. तशा विमानाचा विचार लॉकहीडमध्ये आधीच सुरू होता. त्यातून सीआयएसाठी ए-१२ आणि पाठोपाठ हवाई दलासाठी एसआर-७१ तयार झाले.

ध्वनीच्या तिप्पट वेगाने जाताना हवेच्या घर्षणाने आणि दाबाने विमानाची त्वचा २५० अंश सेल्सिअसच्या वर तापते. ॲल्युमिनियमला ते सोसत नाही, म्हणून जवळजवळ संपूर्ण विमान टायटॅनियमचे केले गेले. त्यासाठी लागणाऱ्या धातूचा मोठा भाग मध्यस्थांमार्फत, खरा ग्राहक लपवून, सोव्हिएत संघाकडूनच विकत घेतला गेला. ज्या देशावर नजर ठेवायची, त्याच्याच खाणीतले खनिज विमानाच्या अंगात होते.

हा धातू हाताळणे हे स्वतंत्र शास्त्रच होते. उन्हाळ्यात स्पॉट वेल्डिंग केलेले पत्रे लवकर निकामी होत, हिवाळ्यात केलेले टिकत. शोध घेता घेता कारण सापडले ते बरबँकच्या नळाच्या पाण्यात. शेवाळ होऊ नये म्हणून पालिका उन्हाळ्यात पाण्यात क्लोरिन जास्त घालत असे आणि पत्रे त्याच पाण्याने धुतले जात. तेव्हापासून धुण्यासाठी शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी वापरणे सुरू झाले. एका जातीच्या पेनाने पत्र्यावर खूण केली, तरी त्याची शाई धातू खाई. कॅडमियमचा मुलामा असलेली हत्यारे लागली, तर तापल्यावर बोल्टची डोकी उडत. म्हणून कामगारांच्या पेट्यांतून ती हत्यारे काढून टाकावी लागली.

विमानाचा काळा रंग उष्णता बाहेर टाकण्यासाठी आणि रडारला चकवण्यासाठी होता. दोन्ही इंजिनांच्या तोंडाशी असलेले टोकदार शंकू वेग वाढेल तसे मागे सरकत आणि आत येणाऱ्या हवेला आवर घालत. दिशा ठरवणारे यंत्र भर दिवसाही तारे शोधून त्यांच्या आधाराने विमानाची जागा सांगे. वैमानिक आणि त्याच्या मागे बसणारा टेहळणी अधिकारी हे दोघे अंतराळवीरांसारखे दाबपोशाख घालून उडत. १ सप्टेंबर १९७४ रोजी या विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर १ तास ५४ मिनिटे ५६ सेकंदांत कापले. २८ जुलै १९७६ रोजी ताशी सुमारे ३,५२९ किलोमीटर वेगाचा आणि सरळ उड्डाणात २५,९२९ मीटर उंचीचा विक्रम झाला.

काम मात्र एकच होते, पाहणे. या विमानावर तोफ नव्हती की बॉम्ब नव्हता. कॅमेरे, रडार आणि विद्युत संकेत टिपणारी उपकरणे एवढाच त्याचा भार. १९६८ पासून त्याने उत्तर व्हिएतनामवर मोहिमा केल्या. पुढे उत्तर कोरियाच्या सीमेलगत, १९७३ च्या युद्धात पश्चिम आशियावर, बाल्टिक व बॅरेंट्स समुद्रांवर आणि १९८६ मध्ये लिबियावर ते उडाले.

आकर्षणाचे दोन स्रोत

या वेडाचे विश्लेषण करण्यास भरताच्या रसविचाराचा चांगला उपयोग होतो. अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय, तर वीर रसाचा उत्साह. अद्भुताला जन्म देणाऱ्या गोष्टींत नाट्यशास्त्र दिव्य पुरुषांचे दर्शन, माया, इंद्रजाल यांच्याबरोबर विमानही सांगते. तेथे अभिप्रेत आहे ते देवांचे काल्पनिक वाहन. तरी मानवी मर्यादा ओलांडणाऱ्या वस्तूपुढे मन थबकते, हे निरीक्षण येथेही लागू पडते.

ब्लॅकबर्डच्या चाहत्यांत हे दोन्ही भाव दिसतात. शंकू मागे का सरकतो, धातू कसा तापतो, गणकयंत्रे बाल्यावस्थेत असताना हे कसे साधले, या प्रश्नांत रमणारा विस्मयाच्या बाजूला असतो. आपल्या पक्षाकडे असे काही होते आणि समोरच्याला त्याला हात लावता आला नाही, या विचाराने सुखावणारा उत्साहाच्या बाजूला असतो. विस्मयाला शत्रूची गरज नसते. उत्साहाला ती असते.

वैमानिक ब्रायन शूल यांनी लोकप्रिय केलेली एक हकिकत चाहत्यांत अक्षरशः पाठ आहे. लॉस एंजेलिसच्या नियंत्रण कक्षाला एक लहान सेसना विमान आपला वेग विचारते, उत्तर येते ९० नॉट. मग त्याहून मोठे विमान विचारते, १२५. मग नौदलाचे एफ-१८ तोऱ्यात विचारते, ६२०. शेवटी त्याच कक्षाला ब्लॅकबर्डमधून तोच प्रश्न जातो आणि उत्तर येते १,८४२. त्यानंतर कोणी काही विचारत नाही. मराठी वाचकाला हा साचा ओळखीचा आहे. वेगाचा गर्व झालेल्या गरुडाला हनुमानाकडून उतरवणारा कृष्ण, किंवा धनुर्विद्येचा ताठा गमावणारा अर्जुन, अशा गर्वहरणाच्या कथा कीर्तनातून घरोघर पोहोचल्या आहेत. फरक एवढाच की त्या कथांत गर्व उतरवणारा ईश्वर असतो आणि त्याला स्वतःला काही सिद्ध करायचे नसते. वैमानिकांच्या हकिकतीत ती जागा यंत्राने घेतली आहे, आणि शेवटचा गर्व उतरायचा राहूनच जातो.

वेगाच्या या पूजेला उपनिषदांत एक उत्तर आहे. ईशोपनिषदात आत्मतत्त्वाचे वर्णन न हलणारे, तरीही मनाहून वेगवान, आणि स्थिर राहून धावणाऱ्यांना मागे टाकणारे असे केले आहे. वेग म्हणजे मर्यादेची ताणलेली कड. अमर्यादाशी त्याचा संबंध नाही, असा त्याचा रोख. यंत्रापुढचा विस्मय खरा असला, तरी त्यात पारलौकिकाचा प्रत्यय शोधणे ही जागेची चूक आहे.

‘ते फक्त पाहत होते’

चाहत्यांचा नेहमीचा बचाव असा की या विमानाने कोणाला मारले नाही. बॉम्बफेकी विमानाच्या वेडाला जो आक्षेप लागू पडेल, तो याला पडत नाही. या युक्तिवादाला सांख्य दर्शनाचा आधार देता येईल. सांख्यांच्या मते पुरुष केवळ साक्षी आहे. करणे प्रकृतीचे, पाहणे पुरुषाचे, म्हणून पाहणाऱ्याला कर्म चिकटत नाही.

पण हा आधार टिकत नाही. सांख्यांचा साक्षी उदासीन आहे. त्याला काय पाहायचे हे कोणी सांगत नाही आणि पाहिलेल्याचा तो काही उपयोग करत नाही. टेहळणी विमान आज्ञेने पाहते, निवडून पाहते, आणि त्याने टिपलेली फिल्म उतरताच विश्लेषकांच्या टेबलावर जाते. सांख्यांच्याच परिभाषेत त्याची जागा ज्ञानेंद्रियाची आहे. इंद्रियाने विषय आणून दिल्यावर मन आणि बुद्धी निर्णय घेतात आणि कर्मेंद्रिये हलतात. उत्तर व्हिएतनाममधील क्षेपणास्त्रतळ, बंदरे आणि वाहतुकीचे मार्ग यांच्या छायाचित्रांतून हल्ल्याची लक्ष्ये ठरत आणि हल्ल्यानंतरचे नुकसान मोजले जाई. एप्रिल १९८६ मध्ये लिबियावर बॉम्बफेक झाली, तेव्हा ब्रिटनमधील मिल्डनहॉल तळावरून गेलेल्या ब्लॅकबर्डने उद्ध्वस्त ठिकाणांची छायाचित्रे आणली. प्राचीन राजनीतीत हेर हे राजाचे डोळे मानले आहेत. दंड आणि दृष्टी एकाच शरीराची अंगे आहेत, हे कौटिल्याला स्पष्ट होते.

महाभारतातला संजयही शस्त्राविना युद्ध पाहतो आणि राजाला सांगतो. त्याची दृष्टी मात्र झालेल्याची साक्ष देते, पुढचे लक्ष्य दाखवत नाही. ब्लॅकबर्डची दृष्टी बहुतांशी हेराची होती.

याची दुसरी बाजूही आहे. पाहण्याने युद्ध टळूही शकते. जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाने ‘प्वेब्लो’ हे अमेरिकी टेहळणी जहाज पकडले. काही दिवसांतच ए-१२ विमानाने वॉनसान बंदराजवळ ते कोठे उभे आहे हे टिपले. उत्तर कोरिया मोठ्या युद्धाची तयारी करताना दिसत नाही, हेही त्या छायाचित्रांवरून कळले. संशयाच्या अंधारात राष्ट्रे घाबरून पहिला वार करतात. माहिती असली, तर थांबण्याची शक्यता वाढते. म्हणून टेहळणीवर सरसकट हिंसेचा शिक्का मारता येत नाही. तिचे मूल्य तिच्यामागच्या हेतूवर आणि तिच्यातून झालेल्या कृतीवर ठरते. या विमानाचे कार्य संमिश्र होते. निःशस्त्र असणे हा त्याचा गुण नव्हे आणि दोषही नव्हे. ती त्याच्या कामाची पद्धत होती.

सौंदर्य वेगळे काढता येते का

बचावाची दुसरी फळी सौंदर्यशास्त्राची आहे : काम काहीही असो, आकार सुंदर आहे आणि सौंदर्याचा उपभोग निरपेक्ष असतो. इमान्युएल कांट यांच्या १७९० च्या ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’ या ग्रंथात सौंदर्यानुभव हितसंबंधांपासून मुक्त मानला आहे. वस्तू आपल्याजवळ असावी किंवा उपयोगी पडावी ही इच्छा त्यात नसते. पण त्याच ग्रंथात कांट एक भेद करतात. फुलाचे सौंदर्य स्वतंत्र असते. घोड्याचे किंवा इमारतीचे सौंदर्य तिच्या प्रयोजनाच्या कल्पनेवर अवलंबून असते. अशा इमारतींची उदाहरणे देताना ते चर्च आणि राजवाडा यांच्या जोडीने शस्त्रागाराचाही उल्लेख करतात.

ब्लॅकबर्डचे सौंदर्य या दुसऱ्या जातीचे आहे. नाकापासून पंखापर्यंत गेलेली धारदार कड, आत झुकलेली शेपटाची पाती, काळी कांती, यांतले शोभेसाठी काहीच नाही. कड उचल देते आणि रडारचे प्रतिबिंब कमी करते. पातीही रडारला चकवण्यासाठीच झुकलेली आहेत. ही रेषा सुंदर का, हे सांगायला गेले की ती कशासाठी हे सांगावे लागते. प्रयोजन बाजूला ठेवून या आकाराची पुरती दाद देणारा चाहता संभवत नाही, आणि चाहते तशी देतही नाहीत. त्यांची सगळी रसिकता कार्यकारणाच्या तपशिलात असते. म्हणून ‘केवळ आकार आवडतो’ हा बचाव त्यांच्याच आवडीला खोटा पाडतो.

कांट यांचा आणखी एक मुद्दा येथे लागतो. वादळ, कोसळते कडे, उसळलेला समुद्र यांचे भव्यपण पाहणाऱ्याला भावते ते तो सुरक्षित जागी असल्यामुळे. ब्लॅकबर्डचा आस्वादही सुरक्षित जागेवरून घेतला जातो. हनोईतल्या माणसाला हे विमान दिसत नसे. त्याच्या ध्वनिस्फोटाचा दणका मागाहून ऐकू येई, आणि त्यापाठोपाठ काय येईल याची शाश्वती नसे.

निवृत्तीने काय बदलते

काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त यांनी दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळात या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा विचार मांडला. नाटकातले भय प्रेक्षकाला आस्वाद्य होते, कारण ते साधारणीकृत झालेले असते. ‘मी भ्यालो’, ‘माझा शत्रू भ्याला’, ‘माझा मित्र भ्याला’ अशी कोणतीही गाठ त्याला उरत नाही. देश, काळ आणि व्यक्ती यांचे बंध सुटले की उरतो तो भाव. हे बंध कायम असणे हे रसाच्या वाटेतले विघ्न.

या दृष्टीने निवृत्तीला तात्त्विक महत्त्व आहे. सेवेत असलेले विमान उद्याच्या कृतीशी बांधलेले असते. त्याची प्रशंसा त्या कृतीला बळ देऊ शकते. निवृत्त विमान काहीच करणार नाही. त्याने विस्मयाला मोकळी जागा मिळते. पण निवृत्तीने फक्त भविष्याचा बंध सुटतो, भूतकाळाचा आणि पक्षाचा सुटत नाही. तो सोडवायचा की जपायचा हे पाहणाऱ्याच्या हाती असते.

अभिनवगुप्तांनी निवडलेले उदाहरण येथे निर्णायक आहे. ते ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकातले आहे. दुष्यंताचा रथ भरधाव येतो आहे आणि पुढे हरिण मान वळवून पाहत पळते आहे. त्याच प्रसंगात रथाच्या वेगाचे वर्णनही आहे, राजाचा शिकारीचा उत्साहही आहे. अभिनवगुप्त मात्र भयानक रस समजावताना हरिणाचे भय हाती घेतात. म्हणजे पक्ष सुटला की पाहणारा शिकाऱ्याच्या जागी अडकून राहत नाही. पाठलाग होणाऱ्याची बाजूही त्याच्या अनुभवात येते. खरी तटस्थता बळीकडे पाठ फिरवत नाही. ब्लॅकबर्डचा जो आस्वाद खालच्या प्रदेशाला आणि तिथल्या माणसांना जागा देत नाही, तो तटस्थ नसून एका पक्षाचाच असतो.

तेज आणि प्रशस्तिपत्र

धार्मिक विचारातही तेज ओळखणे आणि ते मान्य करणे यांत भेद केलेला आहे. गीतेच्या दहाव्या अध्यायात जे जे ऐश्वर्ययुक्त, शोभायुक्त आणि प्रभावी आहे, ते ईश्वरी तेजाच्या अंशातून आले असे म्हटले आहे. त्या यादीत शस्त्रांमधले वज्र आहे, तसेच कपट करणाऱ्यांचे द्यूतही आहे. ज्या द्यूताने कुरुकुळाचा नाश ओढवला, ते सद्गुण म्हणून तेथे आलेले नाही. एखाद्या गोष्टीत असामान्य सामर्थ्य प्रकटले आहे एवढेच त्यातून सांगितले आहे. ते सामर्थ्य चांगल्या कामी लागले का, हा प्रश्न खुला राहतो.

महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रे आणि हत्यारे पुजली जातात. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी दसऱ्याच्या दिवशी संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांनी फ्रान्समधील मेरिन्याक येथे भारताच्या पहिल्या राफेल विमानाचे शस्त्रपूजन केले. अशी पूजा वापरात असलेल्या शस्त्राची असते. ते जपून आणि धर्माने वापरले जावे, अशी जबाबदारी पूजक स्वतःवर घेतो. संग्रहालयातल्या विमानाच्या चाहत्यावर अशी कोणतीही जबाबदारी येत नाही. त्याची जबाबदारी स्मरणाची आहे.

स्मरणाची कसोटी

६ मार्च १९९० रोजी एका ब्लॅकबर्डने लॉस एंजेलिस ते वॉशिंग्टन हे अंतर १ तास ४ मिनिटे २० सेकंदांत कापले आणि ते विमान स्मिथसोनियन संस्थेच्या स्वाधीन झाले. आज ते व्हर्जिनियातील उडवार-हेझी केंद्रात आहे. त्याच छताखाली हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकणारे ‘एनोला गे’ हे विमानही उभे आहे. १९९५ मध्ये स्मिथसोनियनने या विमानाबरोबर बॉम्बचे परिणाम दाखवणारे प्रदर्शन योजले होते. माजी सैनिकांच्या संघटना आणि लोकप्रतिनिधी यांच्या विरोधामुळे ते रद्द झाले, संचालक मार्टिन हारविट यांनी राजीनामा दिला. २००३ मध्ये विमान नव्या केंद्रात आले, तेव्हा फलकावर मुख्यतः तांत्रिक माहिती होती आणि मृतांचा उल्लेख नसल्याबद्दल पुन्हा निदर्शने झाली.

या वादातून आस्वाद आणि अनुमोदन यांच्यातली सीमा दिसते. विमानाची लांबी, वजन आणि इंजिने सांगून थांबणारा फलक खोटे काही बोलत नाही, पण त्या गाळण्याने विस्मयाला अनुमोदनाच्या जवळ नेतो. पूर्ण हकिकत कळल्यावरही जे टिकते ते खरे आकर्षण. जे टिकण्यासाठी काही भाग झाकावा लागतो, त्यात मान्यता मिसळलेली असते.

दुसरी कसोटी पक्ष बदलून पाहण्याची. २९ जून १९८७ रोजी बाल्टिकवर एका ब्लॅकबर्डचे इंजिन निकामी झाले. ते खाली येत तटस्थ स्वीडनच्या हद्दीत शिरले, तेव्हा स्वीडिश हवाई दलाच्या विगेन विमानांनी त्याला संरक्षण देत सुखरूप पुढे नेले. २०१८ मध्ये अमेरिकेने त्या चार वैमानिकांना पदके दिली. जे विमान अडवण्याचा ते एरवी सराव करत, त्यालाच त्यांनी साथ दिली. भारतीय वाचकाला ही कसोटी मिग-२५ वर लावता येईल. ‘गरुड’ नावाने ओळखले जाणारे हे सोव्हिएत बनावटीचे अतिवेगवान टेहळणी विमान १९८१ पासून बरेलीच्या तळावर होते आणि १ मे २००६ रोजी निवृत्त झाले. शेजारी देशाकडे तसेच विमान असते आणि ते आपल्या शहरांवरून न सांगता गेले असते, तर त्याच्या रचनेचे तेवढेच कौतुक वाटले असते का? उत्तर होकारार्थी असेल, तर भाव विस्मयाचा आहे. नकारार्थी असेल, तर कौतुक यंत्राचे नसून आपल्या बाजूचे आहे.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. युद्धयंत्राचा आस्वाद स्वभावतः पाप नाही, कारण विस्मय आणि मान्यता या दोन वेगळ्या वृत्ती आहेत. तो आपोआप निर्दोषही ठरत नाही. विमान निःशस्त्र होते, सुंदर होते किंवा आता निवृत्त आहे, यांपैकी एकही कारण त्यासाठी पुरेसे नाही. यंत्राचे प्रयोजन, त्याने घडवलेले परिणाम आणि त्याच्या नजरेखाली आलेली माणसे यांचे ज्ञान आस्वादात सामील असेल, तोवर तो आस्वाद राहतो. ते ज्ञान हेतुपुरस्सर वगळले गेले की तो अनुमोदनात जमा होतो.